न धुतलेले अकरा चंबू

स्फाक्स, ११ एप्रिल

प्रिय युस्र,

तू फोन उचलायचा नाही असं ठरवलंयस, तर मीही गप्प बसायचं नाही असं ठरवलंय. हे पत्र लमीनकाकाच्या हाती देतेय. मोतीबिंदूसाठी तो आठवडाभर इथल्या इस्पितळात होता. एका डोळ्यावर पट्टी, तरी मला विचारतो कसा, "तुमच्या प्रयोगशाळेला हल्ली बेडूक लागत नाहीत का? माझ्या कालव्यात इतके झालेत की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही." मी म्हटलं, लागतील, जरा थांब. तर म्हणाला, "मग आमची पोर परत न्या. तुम्हा शहरातल्यांना बेडूक धरता येत नाहीत, नुसते पळवता येतात." त्याच्याकडूनच कळलं की नफ्त्यात तू शेजारच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवतेस, आणि चौकात कुणी काही विचारू नये म्हणून खजुराच्या बागेला वळसा घालून घरी जातेस. हे ऐकून मला तुझी दया आली नाही, राग आला. वळसा तू का घालायचा?

इकडचं म्हणशील तर ईद बरी गेली. जिलानीचे गुडघे त्याला छळतात आणि तो मला. जानेवारीत श्रमपदकाच्या यादीत माझं नाव आलं, तेव्हापासून त्याने बैठकीच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय आणि न्हाव्यापासून कसायापर्यंत सगळ्या गल्लीला सांगून झालंय. एक मेच्या समारंभासाठी आरशासमोर टाय बांधायचा सराव करतो. मी म्हटलं, पदक मला मिळणार आहे, तू का नटतोस? तर म्हणे, एकतीस वर्षं तुझ्या हाताला येणारा क्लोरोफॉर्मचा वास मी सोसलाय, अर्धं पदक माझं. असो. तुझ्या खिडकीजवळच्या टेबलावर एक नवीन मुलगी बसते. चांगली आहे, पण चरबीचे ते बारीक फुगे करताना घाई करते.

घाई तूही करायचीस. आठवतं ना, पहिल्या आठवड्यात तू चंबूत चरबी वाळवलीस आणि वर भसकन पाणी ओतून हलवायला लागलीस, जशी काही ताक घुसळतेयस. मी दारातून पाहत होते. माझं काम तेव्हा कागदावर फक्त काच धुण्याचं होतं, त्यामुळे बोलावं की नाही कळेना. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, पोरी, कुसकुसच्या रव्यावर कधी बादलीभर पाणी ओततात का? शिंपडतात, थांबतात, पुन्हा शिंपडतात. चरबीचा तो पातळ थर काचेवर वाळून बसलेला असतो, त्याला पाणी पिऊ दे, फुगू दे, सुटू दे. मग तो आपोआप गोल होतो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझं टिपणवही-पेन काढून विचारलंस, "मावशी, किती वेळ थांबायचं?" तोवर त्या इमारतीत मला कुणी किती वेळ हे विचारलं नव्हतं. चहा झाला का, एवढंच विचारायचे.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले हे तुला ठाऊक आहे. फ्रेंच अक्षरं मला बाटल्यांवरच्या लेबलांनी शिकवली. बाकीचं तू शिकवलंस, आणि कुठे, तर माझ्या स्वयंपाकघरात, रमजानमध्ये, मी ब्रीक तळत असताना. ब्रीकच्या पिठाचे दोन पातळ पापुद्रे तू एकमेकांना चिकटवलेस आणि म्हणालीस, "मावशी, प्रत्येक पेशीभोवती असंच असतं. चरबीचे दोन थर. प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोकी बाहेर, पाण्याकडे. शेपट्या आत, एकमेकींत लपलेल्या, कारण त्यांना पाणी सोसत नाही." मग विचारलंस की एवढ्या पातळ पापुद्र्यावर सगळा जीव उभा असतो, तर त्याला मारायला काय लागेल. मी म्हटलं, काही नाही, कडेला नख लावायचं. तू इतकी हसलीस की ब्रीक करपली. जिलानी अजून त्या करपलेल्या ब्रीकचा विषय काढतो.

ते नख म्हणजे तुझं जंतू मारणारं पेप्टाइड. अमुक एक अणू नि तमुक एक साखळी असं मला सांगता येत नाही, मला जे दिसलं ते सांगते. पाण्यात असताना तो एक सैल दोरा असतो, कामाचा ना धामाचा. जंतूच्या पापुद्र्याजवळ आला की अंगाला पीळ घालतो, तेलकट बाजू आत वळवतो, आणि पापुद्र्यावर आडवा पडून राहतो. एकटा आला तर पाहुणा. दहा आले तरी पापुद्रा सोसतो. पण शेकड्यांनी आले की ती डोकी बाजूला रेटली जातात, मधली चरबी ताणून पातळ होते आणि पापुद्रा वाकायला लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मी मोठे फुगे ठेवायचे आणि तू वरून एक थेंब सोडायचीस. तू म्हणायचीस, फुटला. मी म्हटलं, नाही गं, नीट बघ, फुटायच्या आधी तो आकार बदलतो. आधी थरथरतो, मग त्याला बारीक शेपूट फुटतं, शेपटावर मणी येतात, आणि मग कुठूनतरी भोक पडून आतलं सगळं बाहेर. तू दहा वेळा पाहिलंस आणि वहीत लिहिलंस, "आधी आकार, मग भोक. दलेंदा मावशीने पाहिलं." ती वही अजून इथेच आहे. मी कुणाला हात लावू दिला नाही.

आणि ते बेडूक. लमीनकाकाच्या कालव्यावर तू मला घेऊन गेलीस तेव्हा मी साठीला आले होते आणि बेडकाला हात लावायची माझी पहिलीच वेळ. ओल्या फडक्यात धरायचा, पाठीला विजेचा अगदी हलका चटका द्यायचा, मुंगी चावावी तेवढाच, की पाठीवर दुधासारखा फेस येतो, तुझा दोरा त्यातच असतो. तो पाण्याने धुऊन नळीत घ्यायचा आणि बेडूक परत. लमीनचा तेव्हाचा तोरा आठव. ज्या कालव्यातला बेडूक त्याच कालव्यात सोडायचा, शेजारच्या नाही. "ते पाण्याचे वाटेकरी आहेत. दुसऱ्याच्या पाळीच्या पाण्यात गेले तर भांडण मला निस्तरावं लागेल." तू प्रत्येक बेडकाच्या डब्यावर कालव्याचं नाव लिहिलंस आणि तो खूश झाला. मग मी कालव्याचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकले. खारट. समुद्राच्या पाण्याएवढं नाही, पण तोंड वाकडं होईल इतकं. तू म्हणालीस, "मावशी, हीच तर गंमत आहे."

जगभरचे लोक आपापली पेप्टाइडं साध्या पाण्यात तपासतात आणि तिथे ती शूर असतात. मीठ आलं की बहुतेकांचा दम संपतो. तुझा बेडूक मात्र जन्मभर खाऱ्या पाण्यात बसलेला, त्याच्या पाठीवरचा दोरा मिठाला कशाला भितोय? तू दोन तऱ्हेचे फुगे माझ्याकडून करून घेतलेस, एक जंतूच्या कातडीसारखे आणि एक माणसाच्या पेशीसारखे, आणि खाऱ्या पाण्यात दाखवलंस की पहिले फुटतात, दुसरे जागचे हलत नाहीत. मला तेव्हाच कळलं की हे साधं काम नाही. जखमेतलं पाणी खारट, घाम खारट, रक्त खारट. मिठात गळपटणारं औषध घेऊन काय चाटायचंय?

सी मुन्सिफला हे पटलं नाही. प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून त्याला शंका घ्यायचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस वाईटही नाही, घाबरट आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विभागात कुणीतरी आकडे रचले आणि पेपरात नावं आली, तेव्हापासून चांगला आकडा दिसला की तो आधी त्यात खोट शोधतो. त्याने बाहेरची समिती बोलावली आणि सांगितलं, त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखव, तुझ्या त्या छोट्या प्लास्टिकच्या नळ्यांत नाही, शिस्तीत, काचेत, आणि पेप्टाइड साध्या डिस्टिल्ड पाण्यात पातळ करून. तुझ्या नळ्या त्याला बाजारात मसाले ठेवतात तशा वाटायच्या. तू म्हणालीस, चालेल.

आता मी काय केलं ते सांगते. तुला हे ठाऊक नाही. तुझ्या त्या दिवसासाठी मी कपाटातले कोरे करकरीत अकरा चंबू काढले. कुणी कधी म्हणू नये की काचेत काही होतं, म्हणून साबणाला हातच लावला नाही. दोन दिवस कडक ॲसिडमध्ये ठेवले. मग डिस्टिल्ड पाण्याने बारा वेळा विसळले, भट्टीत वाळवले. पाणी ओतलं तर एक थेंब कुठे अडकेना, सगळं पाणी चादरीसारखं सरळ खाली. एकतीस वर्षांत इतकी स्वच्छ काच मी कधी केली नव्हती. तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, ही माझ्याकडून तुला भेट.

त्या सकाळी तू चंबूंत पेप्टाइड पातळ केलंस, सहांत कमी-जास्त मात्रेने, पाचांत नुसतं पाणी. लेबलं लावलीस. समितीतल्या एकांची गाडी उशिरा आली, म्हणून सगळे तासभर कॉफी पीत बसले आणि चंबू टेबलावर उभे राहिले. मग सी मुन्सिफने मला बाहेर जायला सांगितलं. नंतर दारातून मी फक्त शेवट पाहिला. फुगे जसेच्या तसे. जंतू दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळ होऊन वाढलेले, जसं काही त्यांना खायला घातलंय. सी मुन्सिफचं ते वाक्य मी ऐकलं, "मुली, आकडे शिजवायची जागा स्वयंपाकघर असते, प्रयोगशाळा नाही." तू कोट खुंटीला लावलास आणि गेलीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मला वाटलं, तुझा माझ्यावर राग आहे. सात महिने मी तेच धरून चालले होते.

तू गेल्यावर ते अकरा चंबू मला धुवावेसे वाटले नाहीत. खजुराच्या खोक्यात भरून माझ्या टेबलाखाली सारले. संध्याकाळी काच न धुता घरी जायची ती माझी पहिली वेळ. जिलानीला सांगितलं तर त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मागच्या महिन्यात, रमजानचा दुसरा आठवडा असेल, त्या नव्या मुलीचे फुगे उरले. खाऱ्या पाण्यातले, जंतूसारखे, आत रंग भरलेले. रंगाचं तुला काय सांगायचं. दाटीवाटीने आत असतो तेव्हा मळकट नारिंगी आणि गप्प, सासरच्या गर्दीत बसलेल्या नव्या सुनेसारखा. बाहेर पडून मोकळा झाला की हिरवागार बोलायला लागतो. टाकाऊ पाण्याची बाटली भरली होती, म्हणून मी खाली वाकून खोक्यातला हाताला आला तो चंबू घेतला आणि ते फुगे त्यात ओतले. तसाच खिडकीत ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. वळून पाहते तर उन्हात तो चंबू कोवळ्या सातूच्या शेतासारखा हिरवा. लेबल पाहिलं. तुझं अक्षर. सर्वांत जास्त मात्रेचा चंबू.

ते लेबल पुन्हा पुन्हा वाचलं. पोटात उपास, त्यात हे. मग त्या मुलीला म्हटलं, उरलेले सगळे फुगे दे आणि काही विचारू नकोस. दहाही चंबूंत सारखे मोजून ओतले आणि खिडकीत ओळीने मांडले. पेप्टाइडवाले सहाही उजळले, मात्रेप्रमाणे, पहिला लख्ख आणि सहावा मंद. नुसत्या पाण्याचे पाच तसेच मळकट. सात महिन्यांपूर्वी तू जे ओतलं होतंस ते कुठे गेलंच नव्हतं, काचेला चिकटून बसलं होतं. तू सांगितलं होतंस ना, जंतूच्या कातडीवर ऋण भार असतो आणि दोऱ्यावर धन, म्हणून तो तिकडे ओढला जातो. काचेवरही ऋणच भार असतो, आणि ॲसिडने सोलून काढलेल्या काचेवर तर पुरता उघडा. साध्या पाण्यात मध्ये यायला मीठही नाही. त्या दोऱ्याला काय कळणार हा जंतू की हा चंबू? त्याला बिलगायचं होतं, जवळ होतं त्याला बिलगला. तासभर समिती कॉफी पीत होती आणि माझी काच तुझं पेप्टाइड पीत होती. तू थेंब घेतलेस ते जवळजवळ नुसत्या पाण्याचे. खारं पाणी आलं तेव्हा कुठे त्याने काच सोडली.

म्हणजे तुझा प्रयोग बुडवला तो माझ्या त्या भेटीने. काच नेहमीसारखी साधी धुतली असती तर इतका अनर्थ झाला नसता. हे लिहिताना मला रडू येत नाहीये. त्या दिवशी खिडकीत येऊन गेलं. आता मला भांडायचं आहे.

सी मुन्सिफच्या खोलीत मी चंबूंची ओळ ट्रेमध्ये घेऊन गेले. तो म्हणाला, "दलेंदा मावशी, टाकाऊ भांड्यात काहीही चमकतं. बंदरात तेल सांडलं तरी पाण्यावर सात रंग दिसतात." मी म्हटलं, मग हे पाच का चमकले नाहीत, ते काय लाजले? तो म्हणाला, "तुम्ही काच धुवा, अर्थ लावायला आम्ही आहोत." मी म्हटलं, सी मुन्सिफ, सात महिने तुम्ही होता आणि अर्थ माझ्या टेबलाखाली खोक्यात पडला होता. त्यावर त्याने चश्मा काढून पुसला. तो चश्मा पुसायला लागला की समजायचं, आतून हललाय. पण तोंडाने म्हणाला, अहवाल बंद झालाय. मी म्हटलं, बंद झालाय, पुरला नाही ना? उघडा. चंबू मी त्याच्या टेबलावर ठेवले नाहीत. माझ्या कपाटात कुलूप घालून ठेवले आणि किल्ली गळ्यात. चारदा निरोप आला, चारदा सांगितलं, किल्ली सापडत नाही. किल्ली गळ्यात लोंबत होती, निरोप्या माझ्याशी बोलताना तिच्याकडेच बघत होता.

मग समितीतल्या वसीलाबाईंना मी माझ्या हाताने पत्र लिहिलं. त्याच, केस पांढरे, कमी बोलणाऱ्या. लिहिलं, मी काच धुणारी आहे, माझ्या फ्रेंचला माफ करा, म्हणून अरबीत लिहिते, तुम्ही माझ्या भांड्यांवर विश्वास ठेवून एका मुलीला खोटं ठरवलंत, तर एकदा येऊन माझी भांडी बघा. मला वाटलं, उत्तर येणार नाही. मागच्या आठवड्यात गुरुवारी त्या स्वतः आल्या. शीतकपाटात तुझ्या कुपीत चिमूटभर पूड उरली होती, तिच्यातून कणभर घेतली. माझ्याकडून तसेच ॲसिडचे चंबू करून घेतले, शेजारी तुझ्या प्लास्टिकच्या नळ्या मांडल्या आणि तासभर कॉफी न पिता बसून राहिल्या. नळीतल्या थेंबाने फुगे फुटले. चंबूतल्या थेंबाने काही झालं नाही. मोजलं तर दहातले नऊ भाग काचेवर. त्यांनी ते दोनदा मोजलं. सी मुन्सिफ मागे उभा होता, त्याचा चश्मा पुसून पुसून झिजला असेल.

निघताना त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि विचारलं, "त्या दिवशी ती मुलगी काय म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलंय का?" मी म्हटलं, मला तर बाहेर काढलं होतं. मग त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, त्यांना तुझ्यासाठी वाईट वाटत होतं आणि त्यांनी स्वतःहून वाट काढून दिली होती: काचेत साबण राहिला असेल का, तसं असेल तर तेवढं लिहून दे, आपण नवीन तारीख घेऊ. आणि तू म्हणालीस, "दलेंदा मावशीने धुतलेल्या काचेत मी माझ्या आईला पाणी देईन. माझं काम खोटं म्हणायचं तर म्हणा, तिच्या काचेकडे बोट दाखवायचं नाही." एक ओळ लिहिली असतीस तर तुझी शिष्यवृत्ती वाचली असती. ती ओळ खरीच होती गं, निम्मी तरी. दोष माझ्या काचेतच होता. आणि तू मला न सांगता निघून गेलीस, आणि मी सात महिने समजत होते की तू रुसलीस.

आता हे पत्र का लिहिलं ते. बंद अहवाल उघडायचा तर कारण लागतं, आणि कारणाखाली कुणाची तरी सही. सी मुन्सिफ मला म्हणाला, "युस्रने लिहावं की भांड्यांची निवड चुकली. तरुण आहे, लोक विसरतील. तुमच्या नावावर ठपका आला तर पदकाच्या यादीतून नाव जाईल, जूनमध्ये तुम्ही निवृत्त होताय." भल्यासाठीच म्हणाला. मी म्हटलं, ती तरुण आहे म्हणूनच विसरणार नाहीत, चाळीस वर्षं तिच्या मागे लावतील. सोमवारी मी सही केली. त्याने मसुद्यात लिहिलं होतं, काच धुणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे. मी दोन शब्दांवर अडून बसले. हलगर्जी खोडायला लावलं, तिथे घातलं, अतिरिक्त ॲसिडने धुतल्यामुळे, कुणाला न सांगता. आणि कर्मचारी कोण? चुकीला नाव असतं. दलेंदा घरसल्ली, असं पूर्ण लिहायला लावलं. काचेचा आणि साध्या पाण्याचा आग्रह माझा होता, ही ओळ सी मुन्सिफलाही स्वतःच्या नावाने लिहावी लागली. दहा मिनिटं पेन धरून बसला, पण लिहिली. पदकाच्या यादीतून नाव गेलं. जिलानी तिसऱ्या दिवशी त्या खिळ्याला लसणाची माळ लटकवून म्हणाला, हिचा वास क्लोरोफॉर्मपेक्षा बरा. मंगळवारी, बावीस तारखेला सकाळी नऊ वाजता वसीलाबाई येतायत, तुझ्या हातून प्रयोग बघायला, तुझ्या नळ्यांत, खाऱ्या पाण्यात. त्याआधी तो कागद तुझ्यासमोर ठेवतील. मी तुला ओळखते. माझं नाव दिसलं की पेन खाली ठेवशील आणि पुन्हा तेच बोलशील जे तेव्हा बोललीस. म्हणून आधीच बजावते. या वेळी माझी बाजू घ्यायची नाही. ही चूक मी केली, मीच शोधली, आणि मला तिची लाज वाटत नाही. पुढे जो कोणी असलं पेप्टाइड काचेत ओतायला जाईल, त्याला तो कागद थांबवेल. या इमारतीतून एकतीस वर्षांत जेवढे शोधनिबंध बाहेर गेले त्यातले निम्मे फुगे माझ्या हातचे, आणि माझं नाव कुठल्याही कागदावर नाही. हा पहिला. तो मी कुणाला खोडू देणार नाही, तुलाही नाही. तुझ्या सहीची जागा माझ्या नावाच्या खाली सोडलीय. तिथे सही कर, हात धू, आणि कामाला लाग.

फुगे तयार करून वाट पाहणारी, तुझीच,
दलेंदा मावशी